झेंडा वर, माणूस खाली

आबांच्या न्हाणीघराच्या दाराशेजारी एक खिळा होता. आबा अंघोळीला आत गेले की त्या खिळ्यावर रुमालाएवढा एक झेंडा लागायचा. लाल रंगाचा, आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी पांढरी पट्टी. अंघोळ झाली की अंग पुसायच्या आधी तो झेंडा निघायचा आणि घडी होऊन कोनाड्यात जायचा.

"आबा, न्हाणीला आतनं कडी हाय की," मी एकदा म्हणालो.

"कडी माझ्यासाठी. झेंडा तुमच्यासाठी," आबा म्हणाले आणि ओल्या केसांनीच माझ्यापुढं चहा ठेवून गेले.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्यांच्याहून हुशार. आबांच्या बडबडीचा कंटाळा आला की त्या तोच झेंडा स्वयंपाकघराच्या दाराला लावून आत निवांत भाजी निवडत बसायच्या. मग आबांची उंबरा ओलांडायची छाती नाही. बाहेरच्या पायरीवर बसून ते बारीक आवाजात विचारायचे, "अगं, किती वेळ लागंल?" आतून नुसता शेंगा मोडल्याचा आवाज. मला हसू आवरायचं नाही, आणि आबा माझ्याकडं असं बघायचे की जणू मीच झेंडा लावलाय.

माणूस लाख मोलाचा, पण डोकं खाणारा. डाळजला हायवेच्या कडेला माझं पाण्याच्या मोटारींचं रिवायंडिंग करायचं दुकान आहे. दाराला एक पाटी असायची, 'पाच मिनिटांत येतो'. कधीतरी जेवायला जाताना लावलेली, ती काढायची राहून गेली. मी दुकानात असो, घरी असो, पाटी आपली लटकलेली. गिऱ्हाइकांनाही सवय झाली होती. एकदा मी इंदापूरच्या बाजाराला जाऊन तीन तासांनी परत आलो, तर आबा पायरीवर बसलेले, हातात घड्याळ.

"आबा, कधी आलाय?"

"तू गेल्या गेल्या."

"मग जायचं न्हाय का? फोन करायचा!"

"पाटीवर लिवलंय पाच मिनिटांत येतो. कसं जाऊ? मी गेलो आन तू आलास म्हंजे?"

मी हात जोडले. पाटी मात्र काढली नाही. तेव्हा मला वाटलं होतं म्हाताऱ्याला काम नाही. पुढं याच पायरीवर बसण्याच्या कलेनं त्यांनी अख्खं गाव कसं गुडघ्यावर आणलं, ते सांगायचंय.

आबा मूळचे इथलेच. ऐन तरुणपणी गोदीत कामाला लागले. जहाजांखाली बुडी मारून तळ तपासायचे, पंखे साफ करायचे. निवृत्त झाल्यावर हवेचे सिलेंडर, तोंडावरचा मास्क, पायात घालायचे रबरी पंजे, असा सगळा संसार घेऊन गावी परत आले. इथं उजनी धरणाच्या फुगवट्यावर आमच्या शेतीचा जीव. काठाजवळ तराफे, तराफ्यांवर मोटारी, तिथून उसापर्यंत पाइपलाइन. वाऱ्यानं तराफा कलंडला, साखळी तुटली, की मोटार तळाला. मग आबांना बोलावणं. आबांनी वर काढलेली मोटार माझ्या दुकानात. असं आमचं जुळलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "पवाय येतं का तुला?"

धरणाच्या काठावर जन्म काढून पोहता येत नाही, हे सांगायची मला लाज वाटली. पण सांगितलं. आबांचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

"झक्कास! पोहणारा माणूस झेंड्याला कामाचा न्हाय. काय झालं की झेंडा टाकून उडी मारतोय. मग वर कोन? तू भित्रा हायेस. तू होडी सोडणार न्हाईस."

अशी माझी नेमणूक झाली. एका हातात दोरी, तिचं दुसरं टोक आबांच्या कमरेला. दुसऱ्या हाताशी झेंड्याची काठी, खाली माणूस आहे हे येणाऱ्या बोटीला कळावं म्हणून. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढ, तीन म्हणजे आहे तिथंच थांब, वर येऊ नको. मोठा झेंडा भिगवणच्या रफिकचाचा टेलरनं शिवलेला. वारा पडला तरी झेंडा लोंबू नये म्हणून आबांनी त्याच्या वरच्या कडेत वेताची काडी घातली होती. आबांचं पाऊल पाण्यात पडायच्या आधी झेंडा वर गेला पाहिजे. आणि त्यांचे दोन्ही हात होडीच्या काठावर दिसेपर्यंत तो खाली घ्यायचा नाही, मग वरून गारा पडोत. आणि दोन्ही हात दिसले, की एक क्षणही वर ठेवायचा नाही. हे शेवटचं मला कळायचं नाही. राहिला दोन मिनिटं वर तर काय बिघडतं?

"झेंडा वर म्हंजे माणूस खाली. माणूस वर म्हंजे झेंडा खाली," आबा म्हणायचे. "ह्यात एकदा खोट शिरली की संपलं."

हे सगळं फक्त धरणात नव्हे. वडगाव निंबाळकरला एकाच्या विहिरीत मोटार सुटून पडली होती. आबांनी विहिरीवरही झेंडा लावायला लावला. मी म्हटलं, "आबा, विहिरीत बोट कुठनं येणार?" त्यावर त्यांनी खिशातून न्हाणीघरातला छोटा झेंडा काढला आणि मोटार चालू करायच्या पेटीतले फ्यूज काढून झेंडा तिथं, स्टार्टरलाच बांधला. आबा खाली गेले आणि पाऊण तासात लाइट आली. लाइट आली की आमच्याकडं माणूस जेवणावरून उठून पळतो. शेतमालकाचा भाऊ तसाच खरकट्या हातानं पेटीकडं पळत आला. झेंडा दिसला तसा थबकला. "हे काय बांधलंय?" म्हणाला. मी विहिरीकडं बोट दाखवलं. त्यानं पेटीकडं नेलेला हात तसाच मागं घेतला. त्या दिवसापासून मी आबांना विहिरीबद्दल विचारलं नाही.

थंडीत आमच्याकडं फ्लेमिंगो येतात आणि त्यांच्यामागं पुण्याची माणसं. त्यांना पाण्यातून फिरवायला मोटरबोटी आल्या. बाळू हा त्यातला सगळ्यात जोरात बोट हाणणारा. मिशी पिळून उभा राहायचा आणि आबांच्या होडीला घासून जायचा. आबा एकदा त्या सगळ्या बोटवाल्यांना काठावर घेऊन गेले. बरोबर एक मोठा लाल भोपळा. भोपळा दोरीला बांधून पाण्यात सोडला आणि बाळूला म्हणाले, "घाल बोट ह्याच्यावरनं."

बाळूनं हसत हसत घातली. पंख्याखालून भोपळ्याच्या फोडी उडाल्या. बिया बाळूच्या मिशीपर्यंत गेल्या.

"ह्ये माझं डोकं," आबा म्हणाले. "झेंडा दिसला की लांबनंच इंजिन बारीक करायचं. आनि जवळ यायचंच न्हाय."

बाळूनं मिशीतल्या बिया पुसल्या. त्या दिवसापासून झेंडा दिसला की बोटी अशा वळसा घालून जायच्या, जणू पाण्यात भिंत घातलीय. राहिलेला भोपळा काकूंनी भाजीला नेला.

इथंच घोळ झाला. आमचं गाव हुशार. झेंडा दिसला की बोट जवळ येत नाही, हे गावानं बघितलं.

तात्या म्हणजे गावातले मोठे बागायतदार, शब्दाला वजन असलेले. बोटीच्या पंख्यानं त्यांच्या तराफ्याची केबल दोनदा तोडली होती. ते सरळ रफिकचाचाकडं गेले आणि आबांसारखाच झेंडा शिवून आणला. तराफ्यावर बांबू रोवला, झेंडा बांधला, मिटलं. केबल सुखरूप. ते बघून मासेमारी करणाऱ्यांनी जाळ्यांवर झेंडे लावले. कुणी म्हशी धुवायच्या जागेवर लावला, बायकांनी धुण्याच्या दगडावर. एका फोटोवाल्यानं नवरानवरीचे फोटो काढताना मागून बोट जाऊ नये म्हणून दोन लावले. रफिकचाचा बिचारा मशीन थांबवेना. त्याला वाटलं आबांनीच सांगितलंय, गावात सुधारणा होतेय. एका सकाळी मी काठावरून मोजले, तर सतरा झेंडे. धरणावर जत्रा भरल्यासारखी दिसत होती. वळसे घालून घालून बोटवाले कंटाळले आणि झेंड्यांना घासूनच बोटी काढायला लागले.

आबांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दारोदार जाऊन सांगून आले. तात्या म्हणाले, "आवो आबा, कापडाचा तुकडा त्यो. तुमचं काय जातंय?" बाकीचे म्हणाले, "तात्यांनी काढला की आमी काढतो."

आबा परत आले आणि दोरीच्या गाठी तपासत बसले. मी त्यांना आठवण करून दिली की परवा एकाची मोटार काढायचीय.

"काढू की," म्हणाले.

त्या दिवशी पाणी हिरवंगार, खाली काही दिसत नव्हतं. आबा चाचपत काम करत होते. दोरी माझ्या हातात, झेंडा वर. दोन झटके आले. ओढ म्हणजे वर येतोय. मी ओढायला लागलो, आणि मान वर केली तर बाळूची बोट. सरळ. पूर्ण जोरात. पुढं उभी राहिलेली माणसं फोटो काढतायत आणि बाळू तोंड मागं करून त्यांच्याशी बोलतोय.

मी ओरडलो. माझा आवाज इंजिनापुढं काय ऐकू जाणार! पोहता येत असतं तर मी उडी मारली असती, शपथ. पण मला आबांचं ते 'मग वर कोन?' आठवलं. दोरीला तीन झटके दिले, सगळ्या अंगाचा जोर लावून. थांब, वर येऊ नको. आणि काठी उपटून झेंडा डोक्यावर फिरवायला लागलो.

बोट आमच्यापासून चार हातांवरून, बुडबुड्यांच्या वरूनच गेली. माझ्या हातातली दोरी सरसरत गेली, तळहाताची साल निघाली, आणि दोरी एकदम हलकी झाली. ओढली तर तुटलेलं टोक हातात आलं.

बुडबुडे दिसेनात. मला रडू फुटलं होतं ते मला नंतर बाळूनं सांगितलं. तो पुढं जाऊन थांबला होता आणि परत वळत होता. मी झेंडा दोन्ही हातांनी वर धरून उभा. किती वेळ, कुणास ठाऊक. मग होडीच्या काठावर एक हात आला. मग दुसरा.

आबांनी तोंडातली नळी काढली. पहिलं वाक्य काय? "झेंडा खाली घे. मी वर आलोय."

बाळू बोट सोडून आमच्या होडीत आला. एवढा मिशीवाला गडी, आबांचे पाय धरून रडायला लागला. "आबा, मला वाटलं ह्यो बी जाळ्याचाच झेंडा! आयशपथ, जाळ्याचाच वाटला!"

मला त्याच्या दोन ठेवून द्याव्या वाटत होत्या. पण आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तुझी चूक न्हाय गड्या. सतरा खोटे बघितल्यावर अठरावा कोन खरा मानंल?"

ती मोटार तळालाच राहिली. घरी काकूंनी सिलेंडर माळ्यावर टाकून दिला आणि म्हणाल्या, "आता बास. न्हाई जायचं." दोन दिवस आबा ओसरीवर बसून होते. पाण्यात उतरायचं नसेल तर हा माणूस जगणार कसा, हे मला कळेना. काकूंनाही ते दिसत होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे सिलेंडर परत ओसरीवर होता, आणि तो माळ्यावरून आबांनी काढला नव्हता.

"चल," आबा मला म्हणाले. "झेंडे मानायला जायचं."

मला काही कळलं नाही. आम्ही होडी घेऊन निघालो. तात्यांच्या तराफ्यावरचा झेंडा दिसला तसं आबांनी लांबूनच इंजिन बंद केलं आणि डबा उघडून भाकरी खायला बसले. तास झाला. दीड झाला.

"आबा, ती तात्यांची मोटार हाय. खाली कोन न्हाय."

"तुला काय ठाव? बगून आलास खाली?"

दोन तासांनी ते उठले. "एका सिलेंडरात एवढी हवा नसती," म्हणाले. चेहरा असा गंभीर की मीच तराफ्याभोवती बुडबुडे शोधायला लागलो. त्यांनी तात्यांना फोन लावला. बंद. पोलिस पाटलांना लावला. "झेंडा वर हाय, दोन तासात कुनी वर आलेलं न्हाय, झेंडा तात्यांचा, तात्यांचा फोन लागंना." यात खोटं एक अक्षर नव्हतं.

अर्ध्या तासात काठ माणसांनी भरला. तात्यांची बायको अनवाणी पळत आली. तात्या सकाळीच घरातून गेले होते आणि कुठं जातो हे सांगायची त्यांना सवय नव्हती. तिनं काठावर बसून जो टाहो फोडला, तो ऐकून मला आबांचा राग आला, खरं सांगतो. पण आबांनी मास्क चढवला होता. मी झेंडा वर केला आणि ते खरोखर खाली गेले, तराफ्याखालचा तळ चाचपायला. जाळीवाले, बोटवाले सगळे काठावर उभे. बाळू तर कमरेइतक्या पाण्यात.

तेवढ्यात मागून एक जीप येऊन थांबली. तात्या तहसीलच्या कामाला इंदापूरला गेले होते. तिथं चहा पिताना कुणीतरी सांगितलं की तुमच्या गावात कोण तरी बुडालंय. बिचारे काम टाकून मदतीला धावत आले.

"काय झालं? कोन बुडालं?" तात्या गर्दीत घुसत विचारायला लागले. "आरं बोला की! कोन बुडालं?"

गर्दी बाजूला होत गेली. तात्यांच्या बायकोनं मान वर करून बघितलं आणि तिचं रडणं मधेच थांबलं.

त्याच वेळी आबांचे दोन्ही हात होडीच्या काठावर आले. मी झेंडा खाली घेतला. आबांनी मास्क काढला, डोळ्यांतलं पाणी निपटलं आणि काठाकडं बघितलं.

"तात्या! तुमी वर कधी आला?"

आधी बाळू हसला, आणि मग अख्खा काठ. तात्या नुसते उभे.

"आन वर आलाय, तर तुमचा झेंडा अजून वर कसा?" आबांनी विचारलं. चेहऱ्यावर रेषा हललेली नाही.

तात्या चपला काढून स्वतः होडीत बसले, तराफ्यावर गेले आणि आपल्या हातानं झेंडा उतरवला. त्यांचा राग दिसत होता, पण बायको बघत होती. तिच्यापुढं बोलायची सोय नव्हती. संध्याकाळपर्यंत पाण्यावर एक झेंडा राहिला नाही. रफिकचाचा उरलेलं लाल कापड घेऊन आबांकडं आला, "इसका क्या करू आबा, माझीच चूक झाली." काकूंनी त्या कापडाच्या उशांच्या खोळी शिवून घेतल्या.

रात्र व्हायच्या आत आबा तात्यांच्या घरी गेले. मी बरोबर होतो. तात्या बाहेर आले नाहीत. आबा दारातच उभे राहून म्हणाले, "वहिनी, तुमाला रडवलं मी. चुकलं माझं."

त्या माउलीनं आधी दोन पाट मांडले. मग म्हणाली, "माझं रडणं खरं हुतं, आबा. त्यापायी सांगते, ह्यांनी परत तसला झेंडा लावला, तर मीच तोडून टाकीन." आणि आम्हाला चहा दिला.

तात्या खरंच बुडाले असं वाटलं होतं का, हे मी आबांना पुढं शंभर वेळा विचारलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर. "झेंडा वर होता. मी काय समजायचं?"

पुढच्या आठवड्यात ती राहिलेली मोटार काढायला आम्ही गेलो. मी झेंडा वर केला आणि चारही बाजूंना बघून घेतलं. लांबून बाळूची बोट येताना दिसली आणि मी काठी उपटायच्या तयारीत उभा राहिलो. पण तिचा आवाज बारीक झाला, मग बंदच झाला. बोटीतली पुण्याची माणसं कुरकुरायला लागली, थांबलात का, पक्षी उडून जातील. पाण्यावरून बाळूचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"उडू द्या. खाली आमचा माणूस हाय."

हे मी आबांना वर आल्यावर सांगितलं. पंजे काढायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.

पुढं बरीच वर्षं आबा उतरले. मग बारामतीच्या डॉक्टरांनी छाती तपासून पाण्यात उतरणं बंद केलं, तेव्हा काठावर खुर्ची टाकून दुसऱ्यांवर डाफरायला लागले. गेल्या थंडीत एका दुपारी त्याच खुर्चीत गेले. शांतपणे, हातात घड्याळ.

निरोप आला तसा मी दुकान होतं तसं टाकून पळालो. काठावर गाव जमलं होतं. तात्या आले. आता ते पार थकलेत. त्यांच्या हातात एक झेंडा होता, लाल, तिरप्या पट्टीचा, तोच तराफ्यावरचा. इतकी वर्षं त्यांनी जपून ठेवला होता. तो काठीला बांधून आबांच्या उशाशी रोवावा, मान द्यावा, अशी त्यांची इच्छा. त्यांनी काठी वर केली, आणि काकू उठून उभ्या राहिल्या.

"तात्या, खाली घ्या त्यो. ते पाण्यात न्हाईत."

तात्यांनी झेंडा उतरवला. त्याची घडी घालताना त्यांना हुंदका आला, आणि मग मलाही थांबवता आलं नाही. पाण्याकडं तोंड केलं तर लांबवर बाळूची बोट उभी होती. तिच्या मागं दुसरी, आणि जाळीवाल्यांच्या होड्या. सगळ्यांची इंजिनं बंद. झेंडा कुठंही नव्हता, त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

अंधार पडता पडता मी दुकानाशी आलो. दाराला पाटी लटकत होती, 'पाच मिनिटांत येतो'. पायरीवर कुणी नव्हतं. मी पाटी काढली, आत गेलो आणि दार उघडं ठेवून बसलो.